व्यसनमुक्ती केंद्रात फिजिशियन कशासाठी?

नमस्कार. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होणारा माणूस नुसते व्यसन घेऊन येत नाही. त्याच्या जोडीला सुजलेले यकृत, वाढलेला रक्तदाब, एखाद्याला क्षयरोग, तर इंजेक्शनने नशा करणाऱ्याला हिपॅटायटिस सी असू शकतो. तरीही अनेक ठिकाणी समुपदेशन केंद्रात होते आणि बाकीच्या आजारांसाठी चिठ्ठी देऊन दुसऱ्या दवाखान्यात धाडले जाते. नुकतीच दारू सुटलेला, हात थरथरणारा माणूस ती चिठ्ठी घेऊन रांगेत उभा राहील, ही अपेक्षा मला भाबडी वाटते.

दोन्ही उपचार एकाच ठिकाणी दिल्यास फरक पडतो का, हे अमेरिकेतील सॅक्रामेंटो येथे कैसर परमनेंटे या संस्थेच्या व्यसनोपचार केंद्रात तपासले गेले आणि २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळे रुग्ण एकत्र धरले, तर सहा महिन्यांनंतर एकाच ठिकाणी आणि वेगवेगळ्या ठिकाणी उपचार घेणाऱ्या दोन गटांत नशेपासून दूर राहण्याबाबत ठळक फरक नव्हता, हे आधी सांगायला हवे. मात्र ज्यांना व्यसनाशी निगडित शारीरिक आजार होते, त्यांच्यापैकी एकत्रित उपचार मिळालेले ६९ टक्के रुग्ण नशेपासून दूर राहिले होते; वेगवेगळ्या ठिकाणी उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ५५ टक्के होते. म्हणजे फायदा झाला तो ज्यांचे शरीर पोखरले गेले होते त्यांना.

फिजिशियनची गरज पहिल्या दिवसापासूनच असते. वर्षानुवर्षांची दारू एकदम थांबल्यावर फेफरे येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, जिवावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. अशा रुग्णात थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, बहुधा कमी असते. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले, तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो.

आता क्षयरोगाचे उदाहरण घ्या. त्यावरील आयसोनियाझिड आणि दारू सोडवण्यासाठीचे डायसल्फिराम ही दोन्ही औषधे यकृताला त्रास देऊ शकतात. शिवाय ती एकत्र घेतल्यास काही रुग्णांचा तोल जातो, वागणे बदलते. दोन डॉक्टरांनी एकमेकांचे कागद पाहिलेच नाहीत, तर लटपटत घरी आलेल्या त्या माणसाने तोंडाला थेंबही लावलेला नसताना घरचे म्हणणार, हा पुन्हा पिऊन आला.