पट, हजेरी आणि निकाल

(दृश्य: महापालिकेच्या प्राथमिक शाळेचं कार्यालय. लोखंडी कपाटातून जाड रजिस्टर टेबलावर येतं.)

नागपुरात महापालिकेच्या शाळेचा निकाल विचारा. निकालाआधी मुलांबद्दलच ऐकायला मिळतं. वस्तीतली मुलं आहेत हो, आईबाप मजुरीला जातात, घरी कोण घेणार अभ्यास? बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण एवढ्यावर विषय संपतो. ही मुलं नेमकी कोण, हे कोणी बघत नाही. ते आपण बघू. शाळेचं नाव सांगत नाही. कळमना, पारडी, टेका, मोमिनपुरा, कुठल्याही कार्यालयात हे रजिस्टर सापडेल.

याला दाखल-खारीज म्हणतात. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख.

यातल्या जातीच्या रकान्याला या शहरात फार वजन आहे. जातीचा दाखला काढायचा तर जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. मग नातवंडं आजोबांची शाळा शोधत येतात. तांडापेठ, गोळीबार चौक या विणकर वस्त्यांमध्ये तर पिवळ्या पडलेल्या पानावर 'हलबा' (अनुसूचित जमात) लिहिलंय की 'कोष्टी' (विणकर जात), यावर घराचं भवितव्य अडतं. हलबा-कोष्टींना हलबा जमात धरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००० साली दिला, तरी ती पानं चाळणं थांबलेलं नाही. शहरातल्या इंदोरा वस्तीत १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आलं. केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती त्या नोंदीला मिळायला १९९० साल उजाडलं.

(दृश्य: रजिस्टरच्या पानावरून बोट सरकतं, दाखल तारखेच्या रकान्याशी थांबतं.)

म्हणून शाळेची ओळख सांगताना आपण पटकन जातीचा हिशेब मांडतो. सर्वेक्षणांतही मुलगे-मुली, शहर-गाव, सामाजिक गट असे तक्ते निघतात. ते हवेतच. पण या शाळेचा निकाल समजून घ्यायचा असेल तर मी आधी दाखल तारखेचा रकाना बघेन. पाचवीच्या एकाच वर्गात कोणी पहिलीपासून आहे, कोणी तिसरीत रायपूरकडून आलंय, कोणी गेल्या पावसाळ्यात. निकालाच्या तक्त्यात ही सगळी एका ओळीत उभी असतात.

शाळेचा पट मोजला जातो ३० सप्टेंबरला. त्यावरून संचमान्यता, म्हणजे किती शिक्षक मिळणार ते ठरतं. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन. एका मुलाच्या फरकानं एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरू शकतो आणि मग दोन वर्ग एका खोलीत बसतात. सप्टेंबरात मॅडम घरोघरी का फिरतात, ते आता कळेल.

आणि मग दिवाळी येते. भंडारा, गोंदिया, छत्तीसगडात धान कापणीला येतं. कळमन्यात हमाली करणारं, बांधकामावर राबणारं कुटुंब गावाकडे निघतं. वीटभट्ट्याही याच सुमारास पेटतात, त्या थेट पावसाळ्यापर्यंत.

(दृश्य: वर्ग. हजेरी चालू आहे. मागच्या बाकावरून आवाज: "मॅडम, थो गावाले गेला.")

नाव पटावर, मूल भट्टीवर. अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवून जिथं जाल तिथल्या शाळेत बसता येतं. पण भट्टीपासून शाळा लांब असेल तर कार्ड पिशवीतच राहतं. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना ७५ टक्के हजेरीवर रोज एक रुपया उपस्थिती भत्ता, ही योजना १९९२ ची. एक रुपया! आज गोळीसुद्धा जपून मागावी लागते त्या पैशात.

भाषेचंही बघा. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे मराठी, हिंदी, उर्दू माध्यमाच्या शाळा या शहराला नव्या नाहीत. तरीही घरी छत्तीसगडी बोलणाऱ्या पोरीला मराठी पुस्तकातली वजाबाकी अडते. आकडे फळ्यावर मांडा, ती क्षणात सोडवते. "रामूजवळच्या आंब्यांपैकी उरले किती" म्हटलं की गप्प. शाळा मुलांची जी माहिती ऑनलाइन भरते, तीत मातृभाषेचाही रकाना आहे, पण घाईत तिथं शाळेचंच माध्यम टाकून पुढं जाणं सगळ्यात सोपं.

जी कुटुंबं या शहरात टिकली, त्यांची मुलंही इथं राहतीलच असं नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या, खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांचा फॉर्म भरायला रहिवासाचा पुरावा लागतो, जन्मदाखला लागतो, दुर्बल घटकातून भरायचा तर एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो. हे सगळं जमवणारे पालक म्हणजे बहुधा तेच, जे मुलाला रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसवतात. त्यांच्या मुलाचा सोडतीत नंबर लागला की इथल्या पटातून तो गेला. २०२४ मध्ये राज्यानं, जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. बरोबर केलं. पोरं कोंडून ठेवून सरकारी शाळा सुधारत नाही. फक्त जाणारे गेल्यावर उरलेल्यांची सरासरी काढून मास्तरांवर बोट ठेवणं, हे काही खरं नाही.

तर मग शाळेला विचारायचंच नाही का? विचारायचं, नक्की विचारायचं. पहिलीपासून सलग याच शाळेत असलेली मुलं वेगळी काढा आणि त्यांचा निकाल मांडा. त्यांनाही पाचवीत परिच्छेद वाचता येत नसेल, तर ते शाळेचं अपयश, तिथं वस्तीचं कारण चालणार नाही. मध्येच आलेल्यांचा निकाल वेगळा मांडा. आल्या दिवशी काय येत होतं आणि आता काय येतं, एवढं बघा. यासाठी नवं अॅप नको, नवी चाचणी नको. दाखल तारीख आणि गुणपत्रक शेजारी ठेवलं की झालं.

घाई यासाठी, की २०२३-२४ पासून राज्यात पाचवीला वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षा, आणि तीही नाही जमली तर पुन्हा पाचवीतच. ही मुलं तेव्हा नागपुरात असतील की भट्टीवर, हे त्या वेळापत्रकात कुठंच धरलेलं नाही.