डर्बीचा सामना आणि पाहुण्या समर्थकांची अडवलेली वाट

श्रोतेहो, नमस्कार. एकाच शहरातल्या किंवा शेजारशेजारच्या दोन शहरांतल्या फुटबॉल संघांमध्ये होणाऱ्या सामन्याला डर्बी म्हणतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अशा सामन्याला पाहुण्या संघाचे जे समर्थक जातात, त्यांच्या प्रवासावर जगभर वेगवेगळ्या प्रकारचे निर्बंध घातले जातात. कुठे त्यांना ठरावीक बसमधूनच यावे लागते, कुठे शहरात पाऊल ठेवायलाच मनाई असते. ज्याने कोणताही गुन्हा केलेला नाही, त्याच्या येण्याजाण्यावर केवळ तो अमुक संघाचा समर्थक आहे म्हणून शासनाने किती बंधने घालावीत, हा प्रश्न मला खेळापुरता मर्यादित वाटत नाही, आणि म्हणूनच आज त्याविषयी मी आपल्याशी बोलणार आहे.

सुरुवात दक्षिण वेल्सपासून करू. कार्डिफ आणि स्वान्सी ही तिथली दोन मोठी शहरे एकमेकांपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहेत आणि त्यांच्या फुटबॉल संघांचे वैर जुने आहे. 22 डिसेंबर 1993 रोजी कार्डिफच्या निनियन पार्क मैदानावर या दोन संघांचा सामना झाला, तेव्हा प्रेक्षागारातल्या खुर्च्या उखडून फेकल्या गेल्या, लोक मैदानात घुसले आणि मोठी मारामारी झाली. त्यानंतर काही वर्षे या सामन्यांना पाहुण्या समर्थकांना प्रवेशच नव्हता. पुढे तो देण्यात आला, पण एका अटीवर, आणि त्या अटीला तिथे ‘बबल’ असे नाव पडले.

बबलची रीत अशी. सामन्याचे तिकीट आणि बसमधली जागा एकत्रच विकली जाते, आणि तीही ज्यांची नावे क्लबच्या नोंदीत आहेत अशांनाच. तिकिटाऐवजी हातात एक पावती मिळते आणि खरे तिकीट वाटेत किंवा बसमध्ये बसल्यावरच मिळते, जेणेकरून कोणी स्वतःच्या गाडीने परस्पर मैदानावर पोहोचू नये. बस आपल्या क्लबच्या मैदानापासून सुटते, पोलिसांच्या पहाऱ्यात महामार्गाने जाते आणि पाहुण्यांसाठी राखलेल्या दारापाशीच थांबते. सामना संपला की बाहेरची गर्दी पांगेपर्यंत पाहुण्यांना आतच थांबवून ठेवतात आणि त्याच बसने परत नेतात. आता स्वान्सीचा एखादा समर्थक नोकरीनिमित्त कार्डिफमध्येच राहत असेल, मैदान त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर त्याने काय करायचे? त्याने आधी स्वान्सीला जायचे, तिथून बसने कार्डिफला यायचे, नव्वद मिनिटांचा खेळ पाहायचा, बसने पुन्हा स्वान्सीला जायचे आणि मग रात्री आपल्या घरी कार्डिफला परतायचे. नियम काटेकोरपणे पाळला तर याशिवाय दुसरा मार्ग त्याच्यापुढे उरत नाही.

जानेवारी 2024 मध्ये इंग्लंडमधल्या सण्डरलँड आणि न्यूकॅसल यांचा एफए कप स्पर्धेतला सामना सण्डरलँडला झाला, तेव्हाही हेच घडले. ही दोन शहरे मेट्रो रेल्वेने जोडलेली आहेत. तरीही न्यूकॅसलच्या सहा हजार समर्थकांसाठी त्यांच्या सेंट जेम्स पार्क मैदानापासून बसगाड्या सोडण्यात आल्या आणि त्याच गाड्यांनी जाणे त्यांना बंधनकारक होते. सामना दुपारी पावणेएकला सुरू झाला. लोकांना आधी फार वेळ दारू पिता येऊ नये म्हणून अशा सामन्यांची वेळ मुद्दाम लवकरची ठेवतात. बसचे भाडे घेतले नव्हते आणि बंदोबस्त चोख होता, हे मान्यच आहे. पण याच दोन संघांची एप्रिल 2013 मधली गोष्ट आठवली की मनात शंका येते. त्या वेळी सामना न्यूकॅसलला होता. पाहुण्या सण्डरलँडने तो 3-0 असा जिंकला आणि त्यानंतर शहरात दंगा झाला, तो प्रामुख्याने यजमान समर्थकांनी केला. पोलिसांच्या घोड्याला ठोसा मारणाऱ्या एका न्यूकॅसल समर्थकाचे छायाचित्र तेव्हा जगभर छापून आले होते.

माझ्या मते प्रश्नाचे मूळ इथेच आहे. पाहुणा समर्थक मोजता येतो. तो किती तिकिटे घेऊन, कोणत्या दाराने येणार, कुठे बसणार, हे आधी कळते. यजमान समर्थक मात्र त्याच शहरात राहतो, गल्लीबोळांत पांगलेला असतो, त्याला बसमध्ये कोंडता येत नाही. म्हणून धोका कोणाकडून आहे याचा विचार मागे पडतो आणि ज्याला आवरणे सोपे, त्यालाच आवरले जाते.

अर्जेंटिनात याचे सर्वांत कठोर रूप दिसते. जून 2013 मध्ये ला प्लाता शहरात एस्तुदियांतेस आणि लानूस या संघांच्या सामन्याच्या वेळी पोलिसांनी जवळून झाडलेल्या रबरी गोळीने लानूसच्या एका समर्थकाचा मृत्यू झाला. त्यानंतर देशातल्या वरच्या श्रेणीच्या सामन्यांतून पाहुण्या समर्थकांनाच वगळण्यात आले. गोळी पोलिसांच्या बंदुकीतून सुटली आणि प्रवेश बंद झाला तो प्रवासी चाहत्यांचा, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. पुढे 2018 साली बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेट हे ब्युनोस आयर्सचे कट्टर प्रतिस्पर्धी कोपा लिबेर्तादोरेस या खंडीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत समोरासमोर आले. दोन्ही लढतींना पाहुण्या समर्थकांना मनाई होती. तरीही 24 नोव्हेंबरला दुसऱ्या लढतीसाठी रिव्हरच्या मैदानाकडे निघालेल्या बोकाच्या बसवर यजमान समर्थकांनी दगड आणि बाटल्या फेकल्या, काचा फुटल्या आणि खेळाडू जखमी झाले. शेवटी तो सामना 9 डिसेंबरला थेट स्पेनमध्ये, माद्रिदच्या सांतियागो बेर्नाबेऊ मैदानावर खेळवावा लागला. तिथे दोन्ही संघांचे समर्थक आले, वेगवेगळ्या भागांत बसले आणि सामना पार पडला. जे आपल्या शहरात अशक्य म्हणून ठरले होते, ते हजारो किलोमीटर दूरच्या परक्या शहरात नेटका बंदोबस्त लावून शक्य झाले. अलीकडे, 2025 मध्ये, अर्जेंटिनात काही निवडक सामन्यांना पाहुण्या समर्थकांना पुन्हा येऊ देण्याचा प्रयोग सुरू झाला आहे.

फ्रान्समध्ये हे सारे कायद्याच्या भाषेत मांडलेले आहे, आणि ती भाषा लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे. 2011 साली तिथे कायद्यात बदल करून गृहमंत्र्यांना आणि जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या प्रीफेक्टला समर्थकांच्या प्रवासावर आणि वावरावर बंदी घालण्याचे अधिकार देण्यात आले. ल्यों आणि सेंत-एतिएन किंवा पॅरिस आणि मार्सेय यांच्या सामन्यांना असे आदेश नेहमीचेच झाले आहेत. अमुक संघाचा समर्थक म्हणवणाऱ्या किंवा समर्थकासारखे वागणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला अमुक रस्त्यांवर, अमुक वेळेत फिरण्यास मनाई आहे, अशा आशयाचा मजकूर त्यात असतो. समर्थकासारखे वागणे म्हणजे नेमके काय, हे ठरवणार कोण? गळ्यातल्या मफलरचा रंग पाहून ते ठरवायचे झाले, तर आपल्या नातेवाइकाकडे निघालेला एखादा तरुणही त्या जाळ्यात अडकू शकतो. आदेश मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आणि 30,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय आदेश पुष्कळदा सामन्याच्या तोंडावर निघतात, तोवर प्रवासाची तिकिटे काढून झालेली असतात आणि न्यायालयात जायला वेळ उरत नाही. तरीही समर्थकांच्या संघटना न्यायालयात जातात, आणि तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने काही आदेश स्थगितही केले आहेत.

दुसरी बाजू मी दृष्टिआड करत नाही. 2 फेब्रुवारी 2007 रोजी इटलीत सिसिली बेटावरच्या कातानिया आणि पालेर्मो यांच्या डर्बीत फिलिप्पो रासिती हे पोलीस निरीक्षक दंगलीत प्राणाला मुकले. ज्या पोलिसाच्या सहकाऱ्याचा असा मृत्यू झाला, त्याला गर्दीवर विश्वास ठेवा असे सांगणे सोपे नाही. मनुष्यबळाचाही प्रश्न असतो. इंग्लंडमध्ये मैदानाच्या आतल्या बंदोबस्ताचा खर्च क्लबकडून घेता येतो, पण बाहेरच्या सार्वजनिक रस्त्यांवरच्या बंदोबस्ताचा घेता येत नाही, हे लीड्स युनायटेडच्या प्रकरणात 2013 साली अपील न्यायालयाने स्पष्ट केले. साहजिकच बाहेरचा भार जितका कमी, तितके पोलिसांना बरे वाटते, आणि बबल हा भार कमी करतो.

पण सोयीसाठी हाती घेतलेला अधिकार कुठवर जातो, याचा एक प्रसंग सांगतो. 15 नोव्हेंबर 2008 रोजी स्टोक सिटीचे सुमारे ऐंशी समर्थक मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा सामना पाहायला निघाले होते आणि वाटेत अर्लम या गावातल्या एका पबमध्ये थांबले होते. तिथे काही गडबड झाली नव्हती. तरीही दारूमुळे होऊ शकणारी गडबड टाळण्यासाठी केलेल्या 2006 च्या कायद्याचे एक कलम लावून पोलिसांनी त्यांना अडवले, बसमध्ये बसवले आणि सामना न पाहताच स्टोकला परत धाडले. वाटेत शौचालयासाठीही थांबू दिले नाही, अशी त्यांची तक्रार होती. समर्थकांच्या संघटनेने आणि नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी हे प्रकरण लावून धरले आणि अखेर पोलिसांना नुकसानभरपाई द्यावी लागली. डर्बी नसलेल्या एका साध्या सामन्याची ही कथा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे डर्बीच्या दिवशी अशा कलमाचा वापर किती सहज होऊ शकतो, याचा अंदाज येतो.

मग करावे काय? इंग्लंडमध्येच एक वेगळी वाट 1989 च्या कायद्याने खुली केली आहे. दंगा करणाऱ्या व्यक्तीवर न्यायालय बंदीचा आदेश काढते. तो किमान तीन आणि कमाल दहा वर्षांचा असतो, आणि राष्ट्रीय संघ परदेशात खेळत असताना त्या व्यक्तीला पासपोर्टही पोलिसांकडे जमा करावा लागू शकतो. ही शिक्षा कडक आहे, पण ती नाव घेऊन, पुरावा पाहून आणि बाजू ऐकून दिली जाते. हुल्लड करणारे पन्नास जण असतील तर त्या पन्नास जणांनाच रोखावे, त्यांच्यासाठी उरलेल्या तीन हजारांना कैद्यांसारखे नेऊ नये, हे तत्त्व मला न्यायाला धरून वाटते.

आणि हे तत्त्व व्यवहारातही उतरू शकते. क्लिफर्ड स्टॉट या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्डिफ सिटीच्या प्रवासी समर्थकांचा आणि दक्षिण वेल्स पोलिसांचा अभ्यास केला आहे. तिथले काही पोलीस या समर्थकांबरोबर गावोगावी जात, त्यांना नावाने ओळखत, त्यांच्याशी बोलत आणि यजमान शहरातल्या पोलिसांना त्यांच्याविषयी खरी माहिती देत. जिथे वागणूक न्याय्य आहे असे समर्थकांना वाटले, तिथे त्यांनी स्वतःच आपल्यातल्या हुल्लडबाजांना आवरले, असे या अभ्यासातून दिसते. 2004 च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत पोर्तुगालच्या शहरी पोलिसांनी हाच मार्ग धरला होता. दंगलविरोधी पथके नजरेआड सज्ज ठेवली होती, रस्त्यावर साध्या गणवेशातले पोलीस जोडीजोडीने फिरत होते, आणि चारच वर्षांपूर्वी बेल्जियममध्ये ज्यांच्यापैकी शेकडो जणांना अटक झाली होती त्या इंग्लंडच्या समर्थकांनी या पोलिसांच्या हद्दीतल्या सामन्यांच्या शहरांत मोठी गडबड केली नाही.

आपल्या देशात हा विषय कोलकात्याला जाऊन भिडतो. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात झालेल्या हाणामारीत आणि चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षक दगावले. त्या आठवणीमुळे तिथले प्रशासन सावध असते, हे समजण्यासारखे आहे. परंतु ऑगस्ट 2024 मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या अत्याचारावरून शहर पेटलेले असताना ड्युरंड कप स्पर्धेतली डर्बी बंदोबस्ताच्या कारणाने रद्द झाली, तेव्हा दोन्ही संघांचे समर्थक सॉल्ट लेक मैदानाबाहेर एकत्र जमले. ज्यांना एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी इतका बंदोबस्त लागतो, ते त्या संध्याकाळी खांद्याला खांदा लावून न्याय मागत होते, आणि त्यांच्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पुढे जानेवारी 2025 मधली इंडियन सुपर लीगची डर्बी पोलीस गंगासागर मेळ्यात गुंतल्यामुळे गुवाहाटीला हलवण्यात आली, म्हणजे दोन्ही बाजूंचे समर्थक आपल्याच डर्बीला परगावचे झाले.

कोल्हापूरच्या श्रोत्यांना हे परके वाटणार नाही. तिथल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, दिलबहार अशा तालमी आणि मंडळांच्या संघांमागे अख्खी पेठ उभी राहते, आणि चुरशीच्या सामन्याला बंदोबस्त लागतोच. अशा ठिकाणी निर्बंध घालायचेच झाले तर ते तिकीटविक्रीच्या आधी जाहीर व्हावेत, त्यांची कारणे लेखी द्यावीत, ते एका सामन्यापुरतेच असावेत, आणि ते ठरवताना पोलीस आणि आयोजक यांच्याबरोबर दोन्ही बाजूंच्या समर्थकांच्या प्रतिनिधींनाही बैठकीला बोलवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. नमस्कार.