अंबडची दाबलेली हवा

[दृश्य: नाशिकची अंबड औद्योगिक वसाहत, सकाळची पाळी. पत्र्याच्या शेडमागे कॉम्प्रेसर सुरू होतो.]

शेडमध्ये सगळ्यांच्या आधी जागा होतो तो कॉम्प्रेसर. धडधडत हवा ओढतो, दाबतो आणि मागच्या टाकीत कोंबतो. दाबाचा काटा सात बारवर आला की एअर गन हातात घ्यायची. घडवलेल्या भागावरचा धातूचा कीस उडवायचा, रंगाचा फवारा मारायचा.

ही हवा म्हणजे साठवलेली वीजच. पण किती? ५०० लिटरची टाकी सात बारला भरली, तर निर्दोष यंत्रालाही तिच्यातून फार तर ०.१३ युनिट परत मिळेल. छताचा पंखा दोन तासही चालायचा नाही.

[दृश्य: कॉम्प्रेसरमधून टाकीकडे हवा नेणारा पाइप जवळून. एक हात पुढे येतो, थबकतो.]

"हात नका लावू साहेब, भाजेल."

गोम इथेच आहे. बाहेरच्या हवेचा दाब साधारण एक बार, काट्यावरचे सात त्याच्या वर. म्हणजे हवा आठपट दाबली आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर ती अडीचशे अंशांच्या वर तापते. शेडमध्ये आपण ही उष्णता पंखा लावून बाहेर घालवतो. भिंतीपलीकडे प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या हौदातलं पाणी तापवायला मात्र हीटर लावलेला असतो. एकाच मीटरवर दोन्ही!

[दृश्य: नकाशा, उत्तर जर्मनी.]

हीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली हुंटोर्फला. १९७८ साली तिथे सुरू झालेल्या वीज साठवणीच्या प्रकल्पासाठी मिठाच्या थरात पाणी सोडून दोन प्रचंड पोकळ्या केल्या. रात्री वीज स्वस्त असताना हवा भरायची, मागणी वाढली की टर्बाइनवर सोडायची. पण दाबतानाची उष्णता आधीच वाया गेलेली. म्हणून बाहेर येणारी हवा नैसर्गिक वायू जाळून तापवावी लागते. एक युनिट मिळवायला सुमारे ०.८ युनिट वीज आणि वर १.६ युनिटांइतका वायू. कार्यक्षमता ४२ टक्क्यांच्या आसपास. १९९१ मध्ये अमेरिकेत मॅकिन्टॉशला टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवरच आत जाणारी हवा तापवली, आकडा ५४ वर गेला.

त्यापुढची पायरी म्हणजे दाबतानाची उष्णता तेलात किंवा पाण्यात धरून ठेवायची आणि सोडताना त्याच हवेला परत द्यायची. वायूची गरजच उरत नाही. चीनमध्ये जिनतानला २०२२ पासून ६० मेगावॅटचा असा प्रकल्प आहे. झांगजियाकौच्या १०० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी ७० टक्क्यांचा दावा केला जातो.

[दृश्य: पांडवलेणी. पायऱ्या, मग कातळावरचे छिन्नीचे घाव.]

कार्यक्षमतेचं भांडण उष्णतेशी, तर खर्चाचं जागेशी. दाब सातवरून सत्तर बारला नेला, तर त्याच टाकीत वीसपटीहून जास्त ऊर्जा मावते. पण टाकीचा पत्राही दाबाच्या हिशेबात जाड होतो आणि पोलादाचं बिल डोळे पांढरे करतं. म्हणून सगळे जमिनीखाली जातात. मीठ पाण्याने विरघळतं, त्यामुळे तिथली पोकळी स्वस्तात होते.

नाशिकखाली मीठ नाही, काळा कातळ आहे. तो कोरता येतो हे पांडवलेण्यांचा त्रिरश्मी डोंगर दोन हजार वर्षं सांगतोय. पण लाव्ह्याच्या थरांमध्ये भेगा असतात, अस्तर लावल्याशिवाय हवा टिकणं कठीण. शिवाय हुंटोर्फमध्ये दाब ४६ बारपर्यंत उतरला की थांबावं लागतं. उरलेली हवा नुसती आत बसून राहते. कॅनडातल्या गोडरिचला २०१९ मध्ये यावर उपाय केला. हवा बाहेर निघाली की तिच्या जागी वरून पाणी उतरतं आणि दाब ढळत नाही. पोकळी पूर्ण वापरली जाते, म्हणजे लहानही चालते.

[दृश्य: घाटघर, कड्यावरून ढग उतरतात.]

तरीही आपल्याकडे सह्याद्रीचा कडा आहे. इगतपुरीच्या पलीकडे घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प पाणी वर चढवून वीज साठवतो. हा शेजारी असताना नाशिकने हवेसाठी डोंगर पोखरावेत, असं मला तरी वाटत नाही.

[दृश्य: द्राक्षांच्या क्रेट, शीतगृहाचं दार.]

हवेचा एक गुण मात्र पाण्यात नाही. दाबताना ती तापते, तशी सुटताना गारठते, इतकी की तिच्यातल्या बाष्पाचा बर्फ होऊन टर्बाइन अडतं. इंजिनिअर याला दोष म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये निर्यातीची द्राक्षं शून्याच्या आसपास आणायला धडपडणारा दिंडोरीचा बागायतदार काय म्हणेल? वीज थोडी कमी मिळाली तरी गरम पाणी प्लेटिंगला आणि गारवा द्राक्षांना गेला, तर हिशेब वेगळा मांडावा लागेल. असं काही करायचं, तर आधी टाकीत हवा टिकायला हवी.

[दृश्य: रात्र. शेडचे दिवे बंद. फक्त आवाज.]

ऐकू येतंय? सुस्स... कुठल्यातरी जोडणीचं वॉशर गेलंय. तीन मिलिमीटरचं भोक असेल, तर चालू पाळीत त्यापायी तीनेक किलोवॅट जातात. आता यंत्र बंद आहे, म्हणून फक्त काटा उतरतोय. सात. सहा. साडेपाच.

"सकाळी बघू," म्हणत फोरमन शटर खाली ओढतो.