पाठीवरचा खो

(दृश्य : मातीचं मैदान. दोन खुंटांमध्ये आठ मुलं बसलेली.)

बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावायचा आणि मोठ्यानं 'खो' म्हणायचं, असा खो-खोचा नियम. दोन्ही हवं.

या मैदानावर निम्माच नियम चालतो. खो मिळतो मागून. देणारा दिसत नाही आणि या मुलांना ऐकूही येत नाही. म्हणून थाप खणखणीत पडावी लागते. नुसतं बोट लागलं, तर गडी उठतच नाही. मग भांडण. सांकेतिक भाषेतलं भांडणही तितकंच कडाक्याचं असतं.

गोची होते फाऊलला. शिट्टी ऐकू येत नाही, म्हणून पंच झेंडा दाखवतो. पण धावणारा पंचाकडे पाठ करून सुटलेला, त्याला झेंडा दिसणार कसा? त्यासाठी समोरच्या खुंटापाशीही एक झेंडेवाला उभा केलाय.

(दृश्य : कवायत. सर उन्हाकडे तोंड करून उभे.)

डोळे सरांचे दिपतात. चालेल. मुलांच्या डोळ्यांवर ऊन आलं, तर सरांचे हात वाचायचे कसे? आसन करून दाखवतानाच सूचना देणंही इथं जमत नाही. आधी खुणांनी सांगायचं, थांबायचं, मग करून दाखवायचं. तास अपुरा पडतो तो इथं.

वृक्षासनात काही मुलं डगमगतात. तो आळस नव्हे. तोल सांभाळणारं इंद्रियही आतल्या कानातच असतं. मेनिंजायटिससारख्या आजारात ऐकू येणं आणि तोल, दोन्ही जाऊ शकतं. अशा मुलाला डोळे मिटायला सांगायचं नाही. समोर खुंट आहे, नजर त्यावर ठेवायची.

(दृश्य : शंभर मीटरची आखणी.)

कर्णबधिर खेळाडूंची पहिली जागतिक स्पर्धा १९२४ साली पॅरिसला झाली. आज तिचं नाव डेफलिंपिक्स. हरियाणाचे पैलवान वीरेंद्र सिंग यांनी २००५ मध्ये मेलबर्नला कुस्तीचं सुवर्ण जिंकलं ते याच स्पर्धेत. तिथं खेळताना श्रवणयंत्र सगळ्यांनीच काढून ठेवायचं असतं. धावण्याची शर्यत सुटते ती दिव्यावर.

इथं दिवा नाही, रुमाल आहे. हात उंचावून इशारा दिला, तर तो बघायला मान वर करावी लागते आणि बसक्या स्टार्टची सगळी घडी मोडते. म्हणून सर उकिडवे बसतात, रुमाल मातीला टेकवतात.

कडेच्या लेनमधली मुलगी तरीही मान वर करून सरांच्या तोंडाकडे बघतेय. सर बोटानं जमीन दाखवतात. तिची नजर खाली येते.

रुमाल उडतो.