रॉड लावून मोजा

[दृश्य : गुहागर. रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला चिऱ्यांची घरं, मागे पोफळीची बाग.]

या घरातून समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. पोफळींच्या दाटीतून गाज येते आणि तिच्याबरोबर खारा वारा. तो खिडकीचे गज खातो, बिजागऱ्या खातो, आणि विजेच्या तारांच्या सांध्यांतही शिरतो.

आजींची तक्रार साधी आहे. न्हाणीघरात पाणी तापवायचा रॉड लावला की तिथला पिवळा बल्ब मंदावतो, बंद केला की पुन्हा उजळतो. "दोघं जण बघून गेले," आजी सांगतात. "म्हणाले, व्होल्टेज बरोबर आहे आजी, कुठे काही बिघाड नाही."

ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी मोजलं तेव्हा रॉड बंद होता आणि मीटरवर खरोखरच २३० व्होल्ट होते. पण तारेतून करंट जवळजवळ वाहतच नसेल, तर तारेतला दोष दिसणार कसा?

[दृश्य : वायरमनकाका रॉड बादलीत बुडवून बटण दाबतात. बल्ब मंदावतो.]

काका आधी रॉड लावतात, मग मीटर काढतात. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, आणि उघड्या बोर्डाजवळ दुसरं कुणी नाही. हे काम जाणकारानंच करायचं.

मेन बोर्डावर २३० व्होल्ट. न्हाणीघराच्या बोर्डावर २१५. आता करंट मोजायला क्लॅम्प मीटर. त्याचा चिमटा एकाच तारेभोवती धरायचा. जाणारी आणि येणारी तार एकत्र धरली तर तो शून्य दाखवतो. आकडा येतो ४.१ अँपिअर.

दोन जागचे व्होल्ट आणि एक करंट. एवढ्यावर सगळं बाहेर येतं.

आधी रॉड. व्होल्टेजला करंटनं भागलं की रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मिळतो. २१५ भागिले ४.१, म्हणजे साधारण ५२.४ ओहम. रॉडवर छापलंय १००० वॅट, २३० व्होल्ट. त्यावरूनही रोध काढता येतो : व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. ५२,९०० भागिले १०००, ५२.९ ओहम. दोन्ही आकडे जुळले, म्हणजे रॉड ठणठणीत आहे. फक्त त्याला मिळते २१५ गुणिले ४.१, सुमारे ८८० वॅट.

(बल्बचा रोध मात्र गार असताना मोजून चालत नाही. २३० व्होल्टच्या ६० वॅटच्या बल्बचा जळताना रोध सुमारे ८८० ओहम असतो; तोच गार असताना शंभराच्याही आत. बल्बातली टंगस्टनची तार तापली की तिचा रोध चढतो.)

मग वाटेत गेलेले १५ व्होल्ट? १५ भागिले ४.१, सुमारे ३.७ ओहम. पडवीतून न्हाणीघरापर्यंत तार ३० मीटर, जाऊन-येऊन ६०. दीड चौरस मिलिमीटरच्या चांगल्या तांब्याच्या तारेला एवढ्या लांबीत ०.७ ओहम पुरतो. वरचे ३ ओहम कुठेतरी दडून बसलेत.

[दृश्य : पडवीच्या वाशाखाली काळवंडलेली टेप.]

मेन स्विच बंद करून काका टेप सोडवतात. आत दोन तारा नुसत्या पिळलेल्या, वर हिरवा थर. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, त्याच जातीचा हा कळंक. खारी ओल आणि तांबं एकत्र आलं की तो धरतोच.

या सांध्यात किती उष्णता होत होती? करंटचा वर्ग गुणिले रोध : ४.१ गुणिले ४.१ गुणिले ३, म्हणजे ५० वॅट. २५ वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्नची धग, अंगठ्याएवढ्या सांध्यात, सुक्या लाकडाला टेकून. मला हा आकडा भीतीदायक वाटतो. आजी रोज पहाटे रॉड लावत होत्या.

करंटच्या याच वर्गापायी सह्याद्रीच्या पोटात, पोफळी गावाजवळ तयार झालेली कोयनेची वीज २ लाख २० हजार व्होल्टवर चढवून धाडतात. व्होल्टेज दहापट केलं तर तेवढ्याच विजेला करंट दहावा हिस्सा लागतो, आणि तारेतली उष्णता शंभरावा हिस्सा होते.

व्होल्टेजला करंटनं भागून रोध काढायचा, हा नियम जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली पुस्तकात मांडला. त्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर मोजता मोजता उतरायचा. म्हणून त्यांनी तांबं आणि बिस्मथ जोडून एक टोक उकळत्या पाण्याच्या उष्णतेत, दुसरं बर्फात ठेवलं आणि स्थिर वीज मिळवली.

विहिरीवरच्या पंपाला मात्र हे गणित जसंच्या तसं लावू नका. मोटरचे वॅट काढताना व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरनंही, म्हणजे त्यातला खरोखर कामी येणारा हिस्सा दाखवणाऱ्या आकड्यानं, गुणावं लागतं. आणि व्होल्टेज पडलं की रॉड कमी करंट घेतो. भाराखाली चालणारी मोटर बहुधा जास्त ओढते. पंपाचं वाइंडिंग बऱ्याचदा जळतं ते यानंच.

[दृश्य : नवा सांधा, झाकणबंद डबीत, घट्ट आवळलेल्या स्क्रूखाली.]

कळकलेला तुकडा कापून टाकलाय. मेन चालू. रॉड पुन्हा बादलीत.

न्हाणीघरात २२७ व्होल्ट. ४.३ अँपिअर.

बल्ब जरासाही हलत नाही. आजी दोनदा बटण दाबून खात्री करतात, मग विसणाला गार पाणी काढायला विहिरीकडे जातात.