बेटावर किती, बेटाबाहेर किती

श्रोतेहो, नमस्कार.

बेटांच्या देशांची लोकसंख्या मोजायला बसलं, की पहिला नंबर इंडोनेशियाचा. २७ कोटींच्या वर. त्यातली निम्म्याहून जास्त माणसं एकट्या जावा बेटावर राहतात. २०२० च्या जनगणनेत जावानं १५ कोटींचा आकडा ओलांडला. आख्ख्या रशियात एवढी माणसं नाहीत. यादीच्या तळाशी तुवालू, १०-११ हजारांचा. संयुक्त राष्ट्रांत मात्र इंडोनेशियाला एक मत आणि तुवालूलाही एकच.

आता पोर्तो रिको घ्या. २०२० साली तिथे जवळजवळ ३३ लाख माणसं होती, पण संयुक्त राष्ट्रांत त्यांना जागा नाही, कारण तो देश नाही, अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश आहे. तिथला माणूस अमेरिकेचा नागरिक. पण बेटावर राहतो तोवर अध्यक्ष निवडायला त्याला मत नाही. न्यूयॉर्कला बिऱ्हाड हलवलं, की मत मिळतं! २०१० ते २०२० या दहा वर्षांत तिथली वस्ती सुमारे ४ लाख ४० हजारांनी घटली. मंदी होतीच, त्यात २०१७ चं मारिया वादळ आलं. आणि जायला व्हिसा लागत नाही.

मला या सगळ्यांत जास्त विचार करायला लावतं ते नियुए. पॅसिफिक महासागरातलं प्रवाळाचं एकुलतं एक बेट, क्षेत्रफळ साधारण २६० चौरस किलोमीटर. १९६० च्या दशकात तिथे ५ हजारांच्या आसपास लोक होते. १९७४ मध्ये बेटाला स्वतःचं सरकार मिळालं, पण न्यूझीलंडचं नागरिकत्व कायम राहिलं. विमानतळही झाला होता. पोरं शिकायला, कामाला ऑकलंडला गेली आणि तिकडचीच झाली. आज बेटावर दीड-पावणेदोन हजार माणसं उरली आहेत, तर न्यूझीलंडच्या २०१८ च्या जनगणनेत स्वतःला नियुएचे म्हणवणारे ३० हजारांवर निघाले. मग नियुएची लोकसंख्या किती सांगायची? छापील यादीत दीड हजारच येतात. मला ते अर्धवट वाटतं. टोकेलाऊ आणि कुक बेटांचीही हीच गत.

मालदीवमध्ये उलटं आहे. २०२२ च्या जनगणनेत ५ लाख १५ हजार माणसं मोजली गेली आणि त्यांतली चारातली एक परदेशी, म्हणजे बांधकामावर, रिसॉर्टमध्ये राबायला आलेली. बांगलादेशी, भारतीय, श्रीलंकेचे. त्यांना वगळलं तर आकडा थेट पावणेचार-चार लाखांवर येतो.

आणि हो, बेट म्हणजे काहीतरी लांबचं असं मुंबईकरांनी तरी समजू नये. मुंबई शहर आणि उपनगर मिळून २०११ मध्ये १ कोटी २४ लाख माणसं होती. क्यूबा हा अख्खा बेटांचा देश तेव्हाही याच्या मागेच होता.

तुवालूकडे पुन्हा येतो, कारण तिथलं गणित आता बदलतंय. समुद्र वर येतोय. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २०२४ मध्ये लागू झाला. त्यानुसार वर्षाला २८० जणांना तिकडे कायमचं राहता येईल. निवड चिठ्ठ्या टाकून. २०२५ मध्ये पहिल्यांदा नोंदणी सुरू झाली, तेव्हा घरच्या माणसांसकट देशातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी नावं दिली.