पाण्याखाली ऐकू येणारी घंटा

(निवेदन. पडदा काळा. पंधरा सेकंद फक्त आवाज.)

हा आवाज कशाचा आहे, ते थोड्या वेळाने सांगते. आत्ता नुसता ऐका. जमलं तर हेडफोन लावा.

(लांगेलिनी, कोपनहेगन. पहाट.)

हिला तुम्ही ओळखता. कोपनहेगनच्या बंदरात दगडावर बसलेली ही ब्राँझची जलपरी. शिल्पकार एडवर्ड एरिक्सन, साल 1913. फोटोत केवढी मोठी वाटते, पण उंची जेमतेम सव्वा मीटर. दिवस वर आला की इथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही उजाडायच्या आत आलो. तिच्या पायाशी हलणारं पाणी बघा. असं पाणी पुन्हा मिळालं नाही.

1964 साली कुणीतरी हिचं डोकं कापून नेलं होतं, नवं बसवावं लागलं. मूळ गोष्टीतल्या जलपरीचा तर आवाजच गेला. पायांच्या बदल्यात समुद्रातल्या चेटकिणीने तिची जीभ कापून घेतली.

(पाण्याखालचा कॅमेरा. हिरवट निळा उजेड.)

डेन्मार्कचे लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसन यांनी 'छोटी जलपरी' ही गोष्ट 1837 मध्ये छापली. समुद्राच्या तळाशी राजवाडा, तिथे सहा बहिणी. पंधरा वर्षांची झाली की एकेकीला पाण्यावर जायची परवानगी मिळते. थोरली जाऊन येते आणि सांगते, वाळूवर पडून मी किनाऱ्यावरचं शहर पाहिलं. दिवे शेकडो ताऱ्यांसारखे लुकलुकत होते. संगीत चाललं होतं, गाड्यांचा खडखडाट, माणसांचा गलबला, चर्चच्या घंटा. तिथे जाता येत नव्हतं, म्हणून तिला त्याचीच ओढ सगळ्यात जास्त लागली.

धाकटी हे जीव कानात आणून ऐकते. रात्री खिडकीशी उभी राहून गडद पाण्यातून वर बघते, आणि तिला वाटतं, त्या घंटा इथपर्यंत खाली ऐकू येताहेत.

ही फिल्म आम्ही त्या घंटांसाठी केली आहे.

(रेडिओहुसेत, फ्रेडरिक्सबर्ग. बाहेरून, मग आतले जिने.)

ही डॅनिश रेडिओची जुनी इमारत. वास्तुकार विल्हेल्म लाउरिट्झन. बांधकाम दुसऱ्या महायुद्धाआधी सुरू झालं आणि युद्ध संपता संपता पुरं झालं. आता इथे संगीत अकादमी आहे, म्हणून जिन्यात व्हायोलिनच्या पेट्या घेतलेली मुलं दिसताहेत. कठड्याचं लाकूड बघा, दारांच्या मुठी बघा. आवाजासाठी घर बांधायचं म्हणजे काय, हे या माणसांना कळत होतं.

याच डॅनिश रेडिओसाठी 1957-58 मध्ये एका बाईने 'छोटी जलपरी'च्या वाचनाला संगीत दिलं. त्या संगीताचे आवाज ऑर्केस्ट्रातून आले नाहीत. ते चुंबकीय फितीवर कापून, जोडून आणि विजेवर चालणाऱ्या यंत्रांतून काढून बनवले गेले. बाईंचं नाव एल्स मारी पाडे.

(ऑर्हूस. अंगणाकडे उघडणारी खिडकी. पडदा हलतो आहे.)

जन्म 2 डिसेंबर 1924, ऑर्हूस. मूत्रपिंडाच्या आजाराने लहानपणीचा कितीतरी काळ अंथरुणात गेला. बाहेर खेळणारी मुलं दिसायची नाहीत, पण आवाज यायचे. त्या आवाजांवरून ती मनात चित्रं रचायची. पावलं कुणाची, दार कुठलं, कोण चिडलंय, कोण पळतंय. खिडकीपाशी वरचं जग ऐकत उभी असलेली जलपरी आणि अंथरुणातून अंगण ऐकणारी ही मुलगी यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

(फ्रॉस्लेव छावणी. बराकी. गवतावर दहिवर.)

1944. डेन्मार्कवर जर्मनीचा ताबा. एल्स मारी बायकांच्या एका भूमिगत गटात स्फोटकं हाताळायला शिकत होती. सप्टेंबरमध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, धरलं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. कोठडीत तिने मोज्याच्या पट्ट्याच्या बकलाने भिंतीवर स्वर कोरले. त्या गाण्याचं नाव 'तू, मी आणि तारे'. नंतर तिला इथे आणलं, जर्मन सीमेजवळच्या या छावणीत. इथून सुटका युद्ध संपल्यावरच.

(बराकीच्या लाकडावर ऊन. निवेदन नाही. वीस सेकंद.)

(जुना टेपरेकॉर्डर. फिरणारी चाकं.)

युद्धानंतर पाडे कोपनहेगनच्या संगीत अकादमीत पियानो शिकल्या, पुढे संगीतकार वाग्न होल्मबो यांच्याकडे रचना. 1952 मध्ये त्यांनी रेडिओवर पॅरिसच्या प्येर शेफेर यांच्या कामाबद्दल ऐकलं. शेफेर आगगाडीचा, भांड्याचा, दाराचा खरा आवाज ध्वनिमुद्रित करत आणि त्याचीच रचना करत. त्या प्रकाराला त्यांनी नाव दिलं होतं 'म्युझिक काँक्रेत', म्हणजे प्रत्यक्ष आवाजांचं संगीत. पाडे यांनी त्यांचं पुस्तक मिळवून वाचलं. अंथरुणातली मुलगी जे मनात करत होती, ते कुणीतरी फितीवर करत होतं.

(बाकन. झुले, दिव्यांच्या माळा, भोवऱ्यासारखी फिरणारी घोडी.)

हे बाकन. कोपनहेगनच्या उत्तरेला, हरणांच्या जुन्या जंगलात, 1583 पासून चालत आलेली जत्रा. जगातली सगळ्यात जुनी म्हणतात. पाडे यांनी इथले आवाज टिपले आणि 1955 मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका फिल्मसाठी त्यांतून संगीत रचलं. डेन्मार्कमधली या प्रकारची ही पहिली रचना मानतात. आम्ही संध्याकाळी शूटिंग केलं, कारण दिवे लागल्यावर इथलं सगळं फिरायला लागतं.

(जवळून: हात, ब्लेड, तपकिरी फीत.)

आता मुख्य काम. इथे थोडा वेळ थांबणार आहे. एका परीकथेतल्या एका आवाजापाठीमागे किती हात लागतात, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

ही फीत पाव इंच रुंद. स्टुडिओत ती साधारण सेकंदाला 38 सेंटिमीटर वेगाने धावते. म्हणजे एक मिनिट आवाज, जवळजवळ 23 मीटर फीत. चर्चच्या घंटेचा एक टोल चार सेकंद घुमला, तर तो इथे टेबलावर दीड मीटर लांब पडलेला आहे. आवाज हातात धरता येतो, मोजता येतो.

हे बघा. टोल पडतो तो क्षण, धातूवर धातू आपटल्याचा ठणका, फितीच्या पहिल्या दोन सेंटिमीटरांत आहे. ब्लेड घेतलं, तेवढा तुकडा कापून टाकला. उरलेली फीत लावली. ऐका.

(कापलेली घंटा.)

घंटा ओळखू येत नाही. बासरीच्या फुंकरीसारखं काहीतरी, कुठून येतंय ते समजत नाही असं. शेफेर यांनी हा प्रयोग 1948 मध्येच केला होता. आपला कान वस्तू ओळखतो ती बहुतेक त्या पहिल्या ठणक्यावरून. तो काढून घेतला की उरतो नुसता घुमारा.

सुरुवातीला काळ्या पडद्यावर ऐकलात तो आवाज हाच. गावातल्या एका चर्चची घंटा, ठणका काढलेली.

कापताना ब्लेड तिरकं धरलंय, ते पाहिलंत? सरळ कापलं तर सांध्यावर 'टक' असा आवाज येतो. तिरकं कापलं की एक आवाज दुसऱ्यात विरघळतो. अर्ध्या वेगाने लावलं, तर घंटा सप्तकभर खाली उतरते आणि दुप्पट लांबते. उलटी लावली, तर घुमारा आधी फुगत येतो आणि शेवटी ठणका. फितीची दोन टोकं जोडून गोल केला, तर लाट संपतच नाही.

(ऑसिलेटर. हिरव्या पडद्यावर थरथरणारी रेघ.)

आणि हा दुसरा मार्ग. इथे बाहेरचा कुठलाच आवाज नाही. ऑसिलेटर म्हणजे विजेपासून एकच शुद्ध स्वर काढणारं यंत्र. त्याला ना लाकूड, ना तार, ना श्वास. एक ऑसिलेटर सेकंदाला 440 कंपनांवर, दुसरा 442 वर. दोन्ही एकदम लावले.

(स्वराची हेलकावणारी लाट.)

सेकंदाला दोन हेलकावे. आपल्याकडे तानपुरा जुळवताना जोडीच्या तारा किंचित मागेपुढे असल्या की हाच हेलकावा ऐकू येतो. गवई खुंटी फिरवतो आणि तो हळूहळू मंदावत शांत होतो. इथे तो शांत करायचा नाही, त्याच्यावर तरंगायचं. हे आम्ही तीन तास करत बसलो होतो, आणि त्यातली फक्त चाळीस सेकंदं इथे ठेवता आली.

डॅनिश रेडिओत होल्गर लाउरिड्सन नावाचे अभियंते होते. त्यांच्या प्रयोगशाळेतली यंत्रं प्रक्षेपणासाठी आणि मोजमापासाठी आणलेली. तीच संगीताच्या कामाला लागली. 'छोटी जलपरी'त पाडे यांनी दोन्ही मार्ग वापरले, जगातून टिपलेले आवाज आणि विजेतून काढलेले.

(पुन्हा पाण्याखाली. कॅमेरा वर पाहतो, पृष्ठभाग चकाकतो.)

कॅमेरामन पाण्यात उतरला, तेव्हा त्याने वर आल्यावर पहिली गोष्ट सांगितली ती आवाजाची. खाली बोटीचा आवाज येतो, पण बोट कुठे आहे ते कळत नाही. त्याचं कारण साधं आहे. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, सेकंदाला सुमारे 1,500 मीटर. दोन्ही कानांशी तो जवळजवळ एकाच क्षणी पोचतो, म्हणून दिशा हरवते. आवाज चहूकडून येतो, किंवा डोक्याच्या आतून आल्यासारखा वाटतो.

व्हायोलिन लागलं की डोळ्यांपुढे व्हायोलिन येतं, माणूस येतो, खोली येते. ऑसिलेटरच्या स्वरामागे कुणीच दिसत नाही. समुद्राच्या तळाची गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला याहून खरा समुद्र कुठून द्यायचा?

याच वर्षांत जर्मनीतल्या कलोनच्या रेडिओ स्टुडिओत संगीतकार श्टोकहाउझेन अशाच यंत्रांवर काम करत होते, आणि त्यांचं संगीत गंभीर श्रोत्यांच्या सभागृहांत वाजत होतं. कोपनहेगनमध्ये तीच नवी कोरी विद्या परीकथेच्या कामी आली. मुलांचा कार्यक्रम म्हटला की आपण उरलेला वेळ देतो, उरलेले पैसे देतो, आणि कीबोर्डवरची एखादी तयार धून लावून मोकळे होतो. इथे आपल्या काळातलं सगळ्यात पुढचं वाद्य परीकथेपुढे ठेवलं गेलं. मला या गोष्टीचा फार आदर वाटतो, आणि आपल्याकडे मुलांसाठी ध्वनिमुद्रण करणाऱ्या प्रत्येकाने एकदा हे ऐकावं असं मनापासून वाटतं.

(रिकामी खुर्ची, टेबलावर फितींचे डबे.)

पुढे 'सात वर्तुळं', 'काचमण्यांचा खेळ', 'फाउस्ट' अशा रचना झाल्या. मग कित्येक वर्षं त्यांचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. 2000 नंतर जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा बाहेर आली. 2012 च्या सुमारास, सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या वयात, त्यांनी याकोब किर्केगोर या तरुण कलावंतासोबत एक रचना केली. तिचं नाव 'स्वेव्निंगर', म्हणजे तोच हेलकावा, दोन जवळच्या स्वरांमधला. 18 जानेवारी 2016 ला त्या गेल्या.

(लांगेलिनी. संध्याकाळ. लाटांवर फेस.)

गोष्टीचा शेवट तुम्हाला ठाऊक असेल. राजपुत्र दुसरीशी लग्न करतो. बहिणी केस देऊन चेटकिणीकडून सुरी आणतात, पण जलपरीच्याने ती चालवत नाही. पहाटे ती समुद्रात उडी घेते आणि तिचा फेस होतो.

पण त्यानंतरही थोडी गोष्ट उरते. फेसातून ती वर उचलली जाते, हवेच्या लेकींमध्ये. आणि तिथे, पुष्कळ काळाने, ती बोलते. 'मी कुणाकडे चालले आहे?' तिचा आवाज परत आलेला असतो. तो कसा होता, तर अँडरसन लिहितात, इतका तरल, की पृथ्वीवरच्या कुठल्याही संगीताला तो काढता येणार नाही.

1957-58 मध्ये एक बाई फीत, ब्लेड आणि दोन-चार ऑसिलेटर घेऊन या गोष्टीपुढे बसली होती.

(दोन ऑसिलेटर, 440 आणि 442. त्यात हळूहळू मिसळणारी कापलेली घंटा. पडदा काळा. फीत संपते, मोकळं टोक चाकावर फटफटत राहतं.)